चिनूच्या बॉलिंगच्या नोंदी: आधी हात, मग पाय, रनअप सगळ्यात शेवटी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

मागच्या रविवारी आपल्या पोरींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला, दीप्ती शर्मानं फायनलमध्ये ५८ रन काढले आणि वरून ५ विकेट घेतल्या, तेव्हापासून माझ्या भाचीच्या डोक्यात दुसरं काहीच नाही. चिनू ११ वर्षांची आहे, सहावीत. आतापर्यंत ले-आउटमधल्या, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या, पोट्ट्यांसोबत टेनिस बॉलनं खेळायची, तेही बहुतेक फिल्डिंगच, बॉलिंग तिच्या वाट्याला शेवटची ओव्हर उरली तर. जानेवारीत शाळेत मुलींची टीम निवडणार आहेत. काल घरी आली आणि सरळ म्हणते, मामा, मला नीट बॉलिंग शिकव, उगाच टाकून नाही पाहायची, नीट.

मी कोच नाही. कॉलेजपर्यंत मीडियम पेस टाकायचो, तेवढाच अनुभव. म्हणून ठरवलं की दर वेळी लिहून ठेवायचं, काय केलं, किती बॉल टाकले, किती जागेवर पडले. अंदाजानं "आज छान झालं" म्हणण्यात काही अर्थ नसतो.

सकाळी सात वाजता नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) मैदानावर गेलो. पूर्ण पिच २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर असते, तिच्यासाठी मी १८ यार्डच ठेवली. समोरच्या स्टंपपासून तीन ते पाच मीटरच्या पट्ट्यात फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) एक चौकोन आखला, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा ऑफस्टंपच्या बाहेर जाईल असा. तिला म्हटलं, तुला जमते तशी टाक, मी काही बोलणार नाही.

३० बॉल टाकले. चौकोनात ४, वाइड १३, फुल टॉस ७, बाकी ६ आपल्याच पायाशी आपटलेले. धावत यायची ते वीस-बावीस पावलांवरून, पार गुलमोहराच्या झाडापासून, आणि क्रीजजवळ आली की दोन सेकंद अडखळायची. मोबाइलवर बाजूनं स्लो मोशन घेतलं. घरी येऊन पाहिलं तर कोपर वाकतं आणि बॉल सोडताना सरळ होतं. म्हणजे ती टाकत नाही, फेकते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मैदानावर नाही गेलो, तिची युनिट टेस्ट आहे. पण हा कोपराचा विषय तिला नीट समजावला पाहिजे होता कारण कालच कोणीतरी पोट्टा तिला "फेकी आहे तुझी" म्हणाला आणि ती रडकुंडीला आली.

नियम असा आहे. हात खांद्याच्या उंचीला आला, तिथून बॉल हातातून सुटेपर्यंत कोपर सरळ होत जायला नको. वाकलेला हात असणं हा गुन्हा नाही, वाकलेला हात सरळ होणं हा आहे. श्रीलंकेच्या मुरलीधरनचा हात जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हता, तरी तो खेळला ना. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १५ अंशांपर्यंतची सूट आहे, कारण कॅमेऱ्यानं मोजलं तेव्हा कळलं की चांगल्या चांगल्या बॉलर्सचं कोपर थोडंफार हलतंच. पण ११ वर्षांच्या पोरीला अंश मोजत बसवून काय करायचं, तिला एवढंच सांगितलं की हात म्हणजे पंख्याचं पातं, मधे मोडत नाही.

तिनं विचारलं की मग मी फेकते काहून? मला वाटतं उत्तर सोपं आहे, ती लांबून जोरात धावत येते, क्रीजवर शरीर कुठेही तोंड करून असतं, ताकद लावायला काही उरत नाही, मग ती कोपरातून झटका देते. पिचच्या त्या टोकाला बॉल पोचवायचा तिला तोच एक मार्ग माहीत आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज माझी चूक झाली आणि ती जशीच्या तशी लिहितो. मी रनअपपासून, म्हणजे बॉल टाकायच्या आधीच्या धावण्यापासून, सुरुवात केली. म्हटलं पावलं कमी करू, बारा करू, अडखळणं थांबलं की बाकी आपोआप बसेल. दीड तास त्यातच घालवला. ती बिचारी पावलं मोजत धावायची, मोजण्यात लक्ष असल्यामुळे बॉल कुठे सोडायचा तेच विसरायची, आणि मी मागून ओरडत होतो, डावा हात, डोकं सरळ, कोपर, कोपर.

३० पैकी ३ चौकोनात. मागच्या वेळेपेक्षा एक कमी. घरी जाताना गाडीवर मागे गप्प बसली होती.

रात्री तिचे व्हिडिओ परत पाहिले. धावण्यात तिचा दोष नाहीच मुळी. जी गोष्ट उभ्यानं येत नाही ती पळत पळत कशी येईल. आपण सगळे बॉलिंग शिकतो ती टीव्हीवर दिसते त्या क्रमानं, आधी धावणं, मग उडी, मग हात. शिकायचं मात्र उलट्या टोकाकडून असतं, बॉल सुटतो तिथून सुरू करायचं आणि एकेक पाऊल मागे जायचं. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. उद्यापासून रनअप बंद.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ग्रिप. घरात संत्र्याची पेटी आलीय, त्यातली मुठीएवढी संत्री निवडली आणि बॉलपेननं मधोमध शिवण काढून दिली. पहिलं बोट आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना, दोघांत थोडी फट, खाली अंगठा शिवणीवरच टेकलेला. तळहाताला बॉल लागायला नको, मधून उजेड दिसला पाहिजे. तिचा हात लहान आहे, दोन बोटांत संत्रं मावेना, तर तिसरं बोटही वर ठेवू दिलं, लहान पोरांना त्यात काही चूक नाही, हात वाढला की दोनावर येईल.

गच्च धरायची. बोटं पांढरी पडायची. गच्च धरलं की मनगट आखडतं आणि बॉल उशिरा सुटतो, म्हणून सांगितलं की रस निघायला नको इतक्याच जोरानं धर. टीव्ही पाहताना, अभ्यास करताना, दिवसभर हातात संत्रं. ताई वैतागली, पण ग्रिप बसली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज फक्त उभ्यानं. अंतर १४ यार्ड. पायांत खांद्यापेक्षा जास्त अंतर, डावा खांदा बॅट्समनकडे, डावा हात वर सरळ, त्या हाताच्या बाहेरून समोरच्या स्टंपकडे नजर. उजव्या हातातला बॉल हनुवटीखालून खाली, मागे, वर, कानाजवळून पुढे. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर. एवढंच. पाय जागचा हलवायचा नाही.

पहिले दहा बॉल कुठेही गेले. मग हळूहळू कोपर सरळ राहायला लागलं, मी काही न बोलता. खरंच, मी आज कोपर हा शब्दच काढला नाही. अंग आडवं उभं असलं आणि डावा हात वर असला की उजव्या हाताला गोल फिरायला जागा मिळते, मग झटका द्यायची गरजच पडत नाही.

३० पैकी ९. १४ यार्डावरून, हे खरं, पण ९.

२७ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर वीस मिनिटं, घराच्या गच्चीवर, भिंतीवर खडूनं तीन स्टंप काढून. उजवा गुडघा जमिनीवर, डावा पाय पुढे, आणि त्या अवस्थेत हात फिरवायचा. गुडघ्यावर बसलं की पाय मदत करत नाहीत, सगळं काम खांदा आणि डावा हात करतात, चूक लगेच उघडी पडते. तिची चूक डाव्या हाताची निघाली. तो नुसता लोंबायचा. डावा हात वरून खाली कमरेकडे ओढला की उजवा हात त्याच्या जोरावर वर येतो, विहिरीच्या रहाटासारखं, एक पोहरा खाली तर दुसरा वर. तिनं रहाट पाहिला नव्हता, आजोबांच्या गावचा फोटो दाखवला.

७ डिसेंबर, रविवार

आजची नोंद लांब होणार कारण आज खूप काही कळलं, तिला पण आणि मला पण.

थंडी चांगली पडलीय, सकाळी गवतावर दव होतं, बॉल ओला होऊन हातातून निसटत होता म्हणून आठपर्यंत थांबलो. मग उभ्यानंच, पण १६ यार्डावरून. आज नियम बदलला. बॉल कुठे पडला हे मी सांगायचं नाही, तिनं सांगायचं, आणि काहून तिथे पडला हे पण तिनंच सांगायचं.

सुरुवातीला ती म्हणायची "चुकला". म्हटलं चुकला हे उत्तर नाही. बॉल लवकर सोडला तर वर जातो, फुल टॉस होतो. उशिरा सोडला तर जमिनीत खुपसतो, शॉर्ट पडतो. डोकं डावीकडे कललं की हात तिरका येतो आणि बॉल लेगला जातो. डावा खांदा लवकर उघडला तरी तसंच. एवढी चार कारणं तिला दिली. दहा-बारा बॉलनंतर ती बॉल हातातून सुटल्या सुटल्या म्हणायला लागली, "लवकर", "डोकं", "उशीर". म्हणजे बॉल पडायच्या आधी! हे पाहून माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो, कारण हातानं बॉल सोडल्याची जाणीव मनाला व्हायला लागली की ती पोरगी स्वतःची कोच झाली, मी नसलो तरी चालेल.

डोक्याचा भाग सगळ्यात अवघड गेला. बॉल सोडताना तिचं डोकं डाव्या खांद्याकडे पडतं, ताकद लावायच्या नादात. त्यासाठी तिच्या डोक्यावर टोपी उलटी ठेवली, नुसती ठेवलेली, घातलेली नाही, आणि सांगितलं की हात फिरवताना पडायला नको. पाडायचीच. शेवटच्या दहात फक्त तीनदा पडली.

३० पैकी १४.

परत येताना तर्री पोहे खाल्ले आणि तिला १९८७ ची गोष्ट सांगितली. बाबा त्या दिवशी सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) ग्राउंडवर स्टँडमध्ये होते, ३१ ऑक्टोबर, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्मानं सलग तीन बॉलवर रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्डला काढलं, वर्ल्ड कपमधली पहिली हॅट्ट्रिक, ती आपल्या नागपुरात. आणि तिन्ही बोल्ड. एकही कॅच नाही, एकही एलबी नाही, तीनदा स्टंपच उडाले. चिनूनं विचारलं, म्हणजे तिन्ही बॉल सरळ होते? म्हटलं हो, तू मारला नाहीस तर मी उडवतो अशा लाइनवर. मग विदर्भानं पहिली रणजी जिंकली त्या फायनलमध्ये इंदूरला रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, ते तिघंही बोल्डच. स्टंपवर टाकणं साधं वाटतं, पण या दोन्ही हॅट्ट्रिक त्याच साध्या गोष्टीवर आल्यात.

१० डिसेंबर

हिवाळी अधिवेशनामुळे रस्ते बंद, ऑफिसातून यायलाच आठ वाजले. काही नाही केलं. तिनं गच्चीवर एकटीनं ३० टाकले म्हणे.

१४ डिसेंबर, रविवार

आज पाय जोडले. आधी एक पाऊल, मग चालत तीन पावलं, धावायचं नाही. मागचा म्हणजे उजवा पाय क्रीजला समांतर पडायला पाहिजे, डावा पाय बॅट्समनच्या दिशेनं, आणि डावा पाय पडताना गुडघा फार वाकायला नको, तो खांबासारखा राहिला तर त्याच्यावरून अंग पुढे जातं आणि बॉलला वेग मिळतो.

एका गोष्टीवर मी फार कडक राहणार आहे. साइड-ऑन टाकायचं तर कंबर आणि खांदे दोन्ही आडवे, फ्रंट-ऑन टाकायचं तर दोन्ही समोर. पाय समोर आणि खांदे आडवे असं मिश्रण नको, कारण मग प्रत्येक बॉलला पाठीचा कणा खालून एकीकडे आणि वरून दुसरीकडे पिळला जातो, आणि तरुण फास्ट बॉलर्सच्या कमरेत जे बारीक फ्रॅक्चर होतात त्यांचा या मिश्र अ‍ॅक्शनशी संबंध आहे. चिनूचा उजवा पाय तिरका, बॅट्समनकडे पडत होता. फक्कीनं बुटाचा आकारच काढून दिला, त्यात पाय ठेवून टाक. आठ-दहा वेळा बुजली, मग बसलं.

आकडा खाली आला, ३० पैकी १०. येणारच. नवीन गोष्ट जोडली की जुनी थोडी सुटते, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून चेहरा पडला नाही.

१८ डिसेंबर

ताईचा फोन. चिनूची कंबर दुखते.

पोटात गोळा आला. जाऊन विचारलं तर कळलं की ती रोज गच्चीवर टाकत होती, ३० नाही, नव्वद, शंभर, मंगळवारी तर मैत्रीण मोजायला होती म्हणून एकशेवीस. मी तिला किती टाकायचे ते सांगितलं होतं पण रोज टाकायचे की नाही ते कधी बोललोच नाही. डॉक्टरांना दाखवलं, स्नायू आखडलेत, बाकी काही नाही, आठवडाभर आराम.

इंग्लंडच्या बोर्डानं १३ वर्षांखालच्या फास्ट बॉलर्ससाठी एका स्पेलला, म्हणजे एका दमात, ५ ओव्हरची मर्यादा सांगितलीय. म्हणजे ३०च बॉल. माझा आकडा योगायोगानं तोच होता, पण मर्यादा कागदावर असून काय उपयोग, घरच्या सगळ्यांना माहीत पाहिजे. आता फ्रिजवर कागद लावलाय: आठवड्यात तीन दिवस, दिवसाला ३०, दोन दिवस सलग नाही, आणि टाकण्याआधी दहा मिनिटं पळणं, खांदे फिरवणं. सही तिची, माझी आणि ताईची.

२८ डिसेंबर, रविवार

दोन आठवड्यांनी मैदान. कंबर एकदम ठीक. आणि आज शेवटी रनअप, दीड महिन्यानं.

मापायची पद्धत ही. क्रीजवर उभं राहायचं, पाठ बॅट्समनकडे, आणि जिथून बॉल टाकणार तिथून उलट्या दिशेनं आरामात धावत सुटायचं, वाटेल तिथे उडी मारून हात फिरवायचा. मी तिचा पाय कुठे पडतो तिथे खूण केली. पाच वेळा केलं, खुणा जवळजवळ एकाच ठिकाणी आल्या, नऊ पावलं. ते तिचं माप, माझं नाही, कोणत्या स्टारचंही नाही. तिथून क्रीजकडे धावली आणि पहिल्याच वेळी पाय बरोबर बसला.

नो बॉलचं पण आज सांगितलं. पुढच्या पायाचा काहीतरी भाग, निदान टाच, पॉपिंग क्रीजच्या मागे पाहिजे, हवेत असली तरी चालते. स्टंपच्या रेषेपासून ती क्रीज चार फूट पुढे. मागचा पाय बाजूच्या रेषेला टेकायला नको. ३० मध्ये दोनच नो बॉल. चौकोनात १५, आणि आता पूर्ण १८ यार्डावरून, धावत येऊन. ९ नोव्हेंबरला ४ होते.

बॉल सोडल्यावर थबकायची, तेवढं राहिलंय. गाडीला एकदम ब्रेक मारल्यासारखं, सगळा धक्का गुडघ्यात. दोन-चार पावलं पुढे जाऊ दे आणि पिचच्या बाहेर डावीकडे निघ, मधल्या भागात पाय घासायला नको, तिथे अंपायर टोकतो.

४ जानेवारी २०२६, रविवार

दीप्तीसारखा ऑफस्पिन टाकायचाय असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती आणि मी थांबवून ठेवलं होतं. आज टाकू दिला. शिवणीवर आडवी बोटं, पहिलं आणि मधलं बोट जरा फाकवून, आणि सोडताना नळ बंद करतो तसं फिरवायचं, जोर पहिल्या बोटाचा. रनअप चार पावलांचा.

हिच्या हातात स्पिन आहे हो! काळ्या मातीवर, जिथे भेगा पडल्यात तिथे, एक बॉल ऑफच्या बाहेर पडून लेगस्टंपवर आला, टेनिस बॉलनं. ले-आउटचे दोन पोट्टे बॅटिंगला उभे होते, ज्यानं फेकी म्हटलं होतं तो पण, तो म्हणे, शिकवून राहिलं का हिला कोणी? म्हटलं मामा शिकवतो, पण टाकते ती.

मीडियम की स्पिन हे आत्ता ठरवायचं नाही. १८ आणि १२ असे बॉल वाटले. मीडियम १८ पैकी ११, स्पिन १२ पैकी ३.

११ जानेवारी, रविवार

बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक बॉल, आणला. १३ वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा, मोठ्या पुरुषांचा १५६ ते १६३ चा असतो, तो तिला द्यायचा नाही. टेनिस बॉल ६० ग्रॅमच्या आत, म्हणजे हातातलं वजन सरळ दुपटीच्या वर गेलं.

आणि परिणाम लगेच दिसला. पहिली ओव्हर, सहापैकी एकही चौकोनात नाही. तीन शॉर्ट, एक लेगला, दोन फुल टॉस. कोपर पण एकदा वाकलं, व्हिडिओत दिसतं. शाळेची निवड २४ तारखेला आहे आणि तिथे सीझन बॉलच असणार. तिचे डोळे भरले.

मी तिला उमेश यादवचं सांगितलं. आपल्या खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलच टाकायचा, सीझन बॉल हातात आला तेव्हा त्यालाही नवीनच होता, आणि मग तो भारतासाठी टेस्ट खेळला. ती म्हणे मग त्यानं काय केलं? ते मला खरंच माहीत नाही, पण आपण काय करायचं ते माहीत आहे.

रनअप काढून टाकला. १४ यार्ड, उभ्यानं, डावा खांदा पुढे, डावा हात वर, डोक्यावर टोपी. पहिले बारा बॉल नुसते वजन समजायला, चौकोन पाहायचाच नाही. पुढच्या बारात ती स्वतःच बोलायला लागली, "उशीर", "उशीर", "डोकं", "बरोबर". चौकोनात ५. मग ३० झाले म्हणून थांबवलं, तिला अजून टाकायचे होते, फ्रिजवरचा कागद आठवून दिला.

मंगळवारी परत उभ्यानं ३०, गुरुवारी एका पावलानं आणि मग चालत. रनअप १८ ला, पाठ-पाय ठीक असतील तर.